दृष्टीची नोंद आणि देयकाचे संकेतांक : मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतरच्या दृष्टिदोषांचा ऐतिहासिक विचार
(विशेष संदर्भ : केळवे, जि. पालघर)

प्रस्तावना

पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्थानकापासून काही मैलांवर समुद्रकिनारी वसलेले केळवे हे गाव पानमळे, नारळी-सुपारीच्या वाड्या आणि सुरूची बने यांसाठी परिचित आहे. जुन्या दप्तरात त्याचे नाव शेजारच्या माहीमसह 'केळवे-माहीम' असे जोडून येते. गावातील शीतलादेवीचे मंदिर पंचक्रोशीत विख्यात असून अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचे सांगितले जाते. शीतला ही देवीच्या रोगाची अधिष्ठात्री. हा रोग ज्यांना सोडून जाई त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत फूल पडे, आणि एकोणिसाव्या शतकात अंधत्वाच्या प्रमुख कारणांत देवीची गणना होत असे. रोगातून वाचल्यावर देवीला चांदीचे डोळे वाहण्याची महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी रीत या अनुभवातूनच दृढ झाली असावी. डोळा गेला की राहिला याची ती, एका अर्थाने, सर्वांत जुनी नोंद होय.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देशातील पहिली लस टोचली गेली, आणि मे १९७५ मध्ये भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण नोंदला गेला. देवी हटली आणि अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचे स्थान निर्विवादपणे पहिले झाले. मोतीबिंदूचे वैशिष्ट्य असे की त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. पण शस्त्रक्रिया हीच काही डोळ्यांच्या बाबतीत नव्या दृष्टिदोषाचे कारण ठरते. या दुसऱ्या प्रकारच्या दृष्टिहानीची नोंद शासनाने, वैद्यकशास्त्राने आणि अलीकडे विमा व्यवस्थेने कशी ठेवली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. रुग्णालयाच्या देयकावर लिहिला जाणारा संकेतांक ही वरकरणी लिपिकाच्या कामाची बाब वाटते. तथापि त्या संकेतांकामागे दीडशे वर्षांची मोजणीची परंपरा उभी आहे, आणि बिघडलेल्या डोळ्याचा खर्च कोणी सोसावयाचा हे तीच ठरविते.

शिरगणतीतील आंधळा

ब्रिटिश अमदानीत १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या प्रत्येक शिरगणतीत व्यंगांचा स्वतंत्र रकाना होता. वेडे, मूकबधिर, महारोगी आणि आंधळे असे त्याचे चार भाग. आंधळ्यांच्या बाबतीत गणनाकारांना दिलेली सूचना लक्षणीय होती : दोन्ही डोळ्यांनी आंधळा असेल त्याचीच नोंद करावी, एका डोळ्याने आंधळा असेल त्याची करू नये. प्रशासनाच्या दृष्टीने ही सूचना सोयीची होती. भीक मागून जगणाऱ्या वा कुटुंबावर अवलंबून असणाऱ्या माणसांची संख्या कळली म्हणजे पुरे, असा तिचा हेतू दिसतो. पण तिचा परिणाम असा झाला की ठाणे जिल्ह्यातील तत्कालीन माहीम तालुक्यात एखाद्या माणसाचा एक डोळा देवीने, जखमेने किंवा फिरत्या वैद्याच्या सुईने गेला असेल, तर सरकारी कागदावर तो धडधाकटच राहिला.

सुईचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. सुईने पिकलेला मोतीबिंदू खाली ढकलण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे. ती करणारे लोक गावोगाव फिरत आणि डोळा उघडताच दिसू लागले की बिदागी घेऊन पुढच्या गावी जात. नंतर डोळा सुजला, दुखू लागला, गेला, तर विचारणार कोणाला? एकोणिसाव्या शतकातील इंग्रज शल्यचिकित्सकांनी या लोकांवर पुष्कळ टीका केली आणि ती बव्हंशी रास्त होती. मात्र मोबदला शस्त्रक्रियेच्या दिवशी, परिणाम नंतरच्या महिन्यांत, हा जो दोष त्यांनी दाखविला तो केवळ सुईवाल्यांपुरता मर्यादित नव्हता, हे पुढील इतिहासावरून दिसून येते.

मृत्यूची यादी आणि डोळा

रोगांना क्रमांक देण्याच्या प्रथेचा उगम मृत्यूच्या नोंदीत आहे. इंग्लंडमध्ये विल्यम फार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मृत्यूच्या कारणांची मांडणी केली. पुढे १८९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या शिकागो येथील बैठकीत फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञ जाक बर्तियाँ याने आपली यादी सादर केली. आजच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाची, म्हणजे 'आयसीडी'ची, ती पूर्वज होय. ही यादी दर दहा वर्षांच्या सुमारास सुधारली जात असे. परंतु १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपर्यंत तिचा विषय मुख्यतः मृत्यू हाच राहिला. मोतीबिंदूने कोणी मरत नाही. साहजिकच अर्धशतकभर या यादीत डोळ्याला नाममात्र स्थान होते. सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेच्या आधिपत्याखाली तयार झाली आणि तिच्यात आजारपणाच्या कारणांचा प्रथमच पद्धतशीर समावेश झाला. तरीही डोळ्याचे विकार मज्जासंस्था व ज्ञानेंद्रिये यांच्या एकत्रित प्रकरणातच राहिले. दहाव्या आवृत्तीस जागतिक आरोग्य सभेने १९९० मध्ये मान्यता दिली व १९९४ पासून सदस्य राष्ट्रे ती वापरू लागली. या आवृत्तीत डोळ्याला 'एच ००' ते 'एच ५९' असे स्वतंत्र प्रकरण मिळाले.

त्या प्रकरणाचा शेवटचा गट 'एच ५९' हा या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. उपचारप्रक्रियेनंतर उद्भवणारे डोळ्याचे विकार, असे त्याचे शीर्षक. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यातील काचाभ द्रव पुढे सरकून होणारा विकार 'एच ५९.०' म्हणून नोंदविला गेला. उरलेल्यांसाठी 'एच ५९.८' म्हणजे 'इतर' आणि 'एच ५९.९' म्हणजे 'अनिर्दिष्ट' असे दोन रकाने ठेवले गेले. वर्गीकरणात ज्याला 'इतर' म्हणतात ती जागा बहुधा अडगळीची खोली असते. येथेही तसेच झाले.

प्रत्यक्षात या गुंतागुंती वर्गीकरणभर विखुरलेल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया पाणावून फुगला तर तो 'एच १८.१' मध्ये जाऊ शकतो. भिंगामागील पापुद्रा गढूळ होऊन ज्याला बोलीत 'पुन्हा जाळी आली' म्हणतात ती स्थिती 'एच २६.४' अशी मोतीबिंदूच्याच गटात बसते. पीतबिंदूला सूज आली तर तिची गणना 'एच ३५' या दृष्टिपटलाच्या विकारांत करता येते. डोळ्याच्या आत पू झाला तर 'एच ४४.०', आणि बसविलेले कृत्रिम भिंग सरकले तर ते डोळ्याच्या प्रकरणातही राहत नाही, 'टी ८५.२' मध्ये जाते. यांपैकी बहुतेक संकेतांक डोळ्याला काय झाले ते सांगतात. ते शस्त्रक्रियेमुळे झाले असे स्पष्टपणे सांगण्याचे काम मुख्यतः 'एच ५९' करतो. एकच सुजलेला पीतबिंदू 'एच ३५' खाली लिहिला की तो नवा आजार ठरतो, 'एच ५९.८' खाली लिहिला की जुन्या शस्त्रक्रियेचे देणे ठरतो. कारणाचा धागा राखणे वा तोडणे हे लिहिणाऱ्याच्या हाती आहे, आणि लिहिणारा बहुधा शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाचाच असतो.

शिबिरे आणि उद्दिष्टे

भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. अंधत्वाचे प्रमाण १.४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणणे हे त्याचे उद्दिष्ट होते. शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालये यांत भरणारी नेत्रशिबिरे हे या काळाचे ठळक दृश्य. त्या वेळी भिंग आवरणासह काढून टाकीत आणि रुग्णाला सुमारे दहा नंबरचा जाड चष्मा देत. या चष्म्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे, आणि एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर दोन डोळ्यांची चित्रे जुळत नसत. चष्मा फुटला वा हरवला की रुग्ण पुन्हा आंधळा. वर्गीकरणात या भिंगरहित अवस्थेला 'एच २७.०' असा स्वतःचा क्रमांक आहे. म्हणजे यशस्वी म्हणून मोजली गेलेली शस्त्रक्रिया दुसऱ्या पानावर विकार म्हणून उभी होती. लंडनमध्ये हॅरल्ड रिडली याने १९४९ मध्येच पहिले कृत्रिम भिंग बसविले होते. आपल्या शिबिरांपर्यंत ते पोहोचण्यास चार दशके लागली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००१ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प राबविला गेला आणि भिंगारोपण ही सर्वसाधारण पद्धत झाली. १ कोटी १० लाख शस्त्रक्रिया हे त्या प्रकल्पाचे लक्ष्य होते.

लक्ष्य शस्त्रक्रियांचे होते, दृष्टीचे नव्हते. स्वयंसेवी संस्थांना मिळणारे अनुदानही दर शस्त्रक्रियेमागे दिले जाई. यात कोणाचा कावा होता असे नव्हे. शस्त्रक्रिया मोजणे सोपे असते, तर सहा आठवड्यांनी रुग्णाला तक्त्यावरील कोणती ओळ दिसते हे पाहण्यासाठी त्याला पुन्हा बोलवावे लागते किंवा त्याच्या गावी जावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये यासाठी निकष सुचविला : हाती असलेल्या चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ वा त्याहून चांगली दृष्टी असावी, आणि ६/६० पेक्षाही कमी दृष्टी राहिलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असावे. हा निकष संशोधकांनी वापरला. अनुदानाच्या हिशेबात मात्र एकक शस्त्रक्रिया हेच राहिले.

न्यायालयांनी या प्रश्नाची दखल आरोग्य खात्याच्या आधी घेतली असे म्हणावे लागते. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे एप्रिल १९८६ मध्ये भरलेल्या शिबिरात १०८ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी ८८ मोतीबिंदूच्या. ८४ जणांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा कायमचा गेला. डोळा धुण्यासाठी वापरलेले सलाइन दूषित असल्याचे चौकशीत पुढे आले. ए. एस. मित्तल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, आधी दिलेल्या ५,००० रुपयांव्यतिरिक्त, प्रत्येकी १२,५०० रुपये देण्याचा आदेश राज्य शासनास दिला. पुढे १३ नोव्हेंबर १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणातील निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. परंतु जेथे सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात अशी सेवा तिच्याबाहेर राहिली. म्हणजे पैसे भरून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला जे दार उघडले ते पूर्णतः मोफत शिबिरातल्या रुग्णाला उघडले नाही.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. उद्दिष्ट जवळ आले, ही मोठीच कामगिरी आहे आणि तिचे श्रेय कार्यक्रमाला दिलेच पाहिजे. त्याच सर्वेक्षणात ५० वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वाच्या कारणांत उपचार न झालेला मोतीबिंदू ६६.२ टक्के, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत ७.२ टक्के आढळली. दर चौदा अंध व्यक्तींमागे एक जण शस्त्रक्रियेच्या मार्गाने अंधत्वापर्यंत आला, असा याचा अर्थ. काचबिंदूचा वाटा याहून कमी, ५.५ टक्के होता. काचबिंदूसाठी जनजागृतीचा सप्ताह असतो.

संकेतांक आणि मुदत

देयकाच्या संकेतांकांचा इतिहास मुख्यतः अमेरिकन आहे. तेथील वैद्यकीय संघटनेने १९६६ मध्ये उपचारप्रक्रियांची क्रमांकित सूची प्रसिद्ध केली. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेने ती १९८३ मध्ये स्वीकारली आणि पुढे प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेला ९० दिवसांची मुदत जोडली. मोतीबिंदू काढून भिंग बसविण्याचा क्रमांक ६६९८४. त्यानंतरच्या ९० दिवसांतील तपासण्या त्याच मोबदल्यात धरल्या जातात. गुंतागुंतीमुळे रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले तर ७८ हा जोडक्रमांक लावून केवळ शस्त्रक्रियेपुरती रक्कम मिळते. रोगाचा संकेतांकही तेथे अधिक काटेकोर झाला. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या आपल्या सुधारित दहाव्या आवृत्तीत 'एच ५९.०३१' म्हणजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उजव्या डोळ्याच्या पीतबिंदूस आलेली सूज. शेवटचा आकडा २ झाला की डावा डोळा. संघटनेच्या मूळ आवृत्तीत उजव्या-डाव्याचा हा भेद नाही. अमेरिकन रुग्णालयांची अशी देयके संकेतांकित करण्याचे काम मुंबई, नवी मुंबई व पुणे येथील कार्यालयांतून चालते, ही गंमत येथे नमूद करण्यासारखी आहे. परक्या माणसाचा कोणता डोळा बिघडला हे इथल्या पदवीधरांना शेवटच्या आकड्यापर्यंत ठाऊक असते.

आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये आरोग्यविम्याचा दाव्याचा नमुना प्रमाणित केला. त्याचा रुग्णालयाने भरावयाचा भाग 'आयसीडी-१०'चे संकेतांक मागतो. त्यापूर्वी, १९८६ मध्ये सुरू झालेल्या मेडिक्लेमच्या काळापासून, विमा कंपन्यांना मोतीबिंदूविषयी कुतूहल होते ते प्रतीक्षाकाळ आणि कमाल रक्कम यांपुरतेच. एप्रिल २०२० पासूनच्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित विमापत्रात मोतीबिंदूची मर्यादा विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती, 'दर डोळ्यामागे' अशी दिली आहे. शिरगणती माणसे मोजत होती. विमापत्र डोळे मोजते.

केळवे-पालघर-बोईसर या पट्ट्यात एकाच आजारासाठी चार व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या कर्मचाऱ्याला अणुऊर्जा विभागाची अंशदायी आरोग्य सेवा योजना आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार राज्य कर्मचारी विम्याखाली येतो. मुंबईला नोकरीनिमित्त रोज जाणाऱ्याकडे बहुधा कंपनीचा गटविमा असतो. वाडीत, मळ्यात वा होडीवर राबणाऱ्या कुटुंबाचा आधार शिधापत्रिका. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा ठाणे जिल्हा त्यांत नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती राज्यभर लागू झाली तेव्हा पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर केळव्याचा रुग्ण तिच्यात आला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली.

या शासकीय योजनांची रचना 'पॅकेज'ची आहे : शस्त्रक्रियेला एक संकेतांक, त्याला एक ठरलेली रक्कम, आणि सोडल्यानंतर काही दिवसांचा पाठपुरावा. राजीव गांधी योजनेत ही मुदत १० दिवसांची होती, प्रधानमंत्री योजनेत ती १५ दिवसांची ठरली. पोटाच्या वा हाडाच्या शस्त्रक्रियेला ही मुदत कदाचित पुरेशी असेल. डोळ्याचे कालमान निराळे आहे. तीव्र जंतुसंसर्ग पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्रकट होण्याचा संभव अधिक. त्यातील काही या मुदतीत सापडतात. पीतबिंदूची सूज चार ते सहा आठवड्यांनी कळसाला पोहोचते. पडदा सुटण्याचा धोका कित्येक महिने राहतो. कॉर्निया फुगणे आणि पुन्हा जाळी येणे यांना महिनेच नव्हे, वर्षेही लागतात. म्हणजे मुदत संपते तेव्हा डोळ्याच्या अडचणींपैकी बहुतेकांचा प्रारंभही झालेला नसतो. मेडिकेअरचे ९० दिवस हेही वैद्यकीय सत्य नव्हे, तो एक हिशेबी करारच. पण त्या करारात निदान सहावा आठवडा येतो.

एका डोळ्याचा प्रश्न

समजा, केळव्याच्या पानमळ्यात वेली बांधण्याचे काम करणाऱ्या साठीच्या स्त्रीच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली तेव्हा स्वच्छ दिसले. पाचव्या आठवड्यात वेलीची गाठ दिसेनाशी झाली. ती ज्या रुग्णालयात जाईल तेथे तिची नवी नोंद होईल, नव्या निदानाने. निदानाचा संकेतांक 'एच ३५' मधला असला तर मागील शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध कागदावर उरणार नाही. पूर्वीच्या रुग्णालयाच्या खात्यावर ती शस्त्रक्रिया पूर्ण व देयक अदा असेच दिसेल, आणि ते खोटेही नसेल. आरोग्यमित्र नव्या उपचारासाठी पूर्वमंजुरी मागेल किंवा तो उपचार यादीत बसत नसल्यास तसे सांगेल. इंजेक्शनांसाठी मुंबईच्या खेपा, बरोबर येणाऱ्या मुलाचे बुडलेले खाडे, हे कोणत्याही संकेतांकात नाही.

डोळा गेलाच, तर दिव्यांगत्वाचा दाखला हा पुढचा टप्पा. १९९५ च्या कायद्याने आणि नंतर २०१६ च्या कायद्यानेही बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट ठेवली. एक डोळा निकामी व दुसरा चांगला असल्यास मूल्यांकन ३० टक्के होते. शिरगणतीची जुनी सूचना येथे दुसऱ्या रूपाने टिकून आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मध्यंतरी, २००१ च्या जनगणनेत, केवळ एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्या व्यक्तीसही दृष्टिबाधित मानले गेले होते. त्या वर्षी देशातील दृष्टिबाधितांची संख्या १ कोटी ६ लाख भरली. २०११ मध्ये व्याख्या बदलली आणि ती सुमारे ५० लाखांवर आली. दशकभरात अर्ध्या लोकांना दिसू लागले असे कोणी म्हणणार नाही. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमानेही २०१७ मध्ये आपली मर्यादा ६/६० वरून ३/६० वर नेली. जागतिक तुलनेसाठी ते योग्यच होते. पण या दोन आकड्यांच्या मधल्या पट्टीत ज्यांची दृष्टी आहे ती माणसे त्या दिवशी अंधांच्या गणनेतून बाहेर पडली.

संकेतांकांचे नवे साधन हा दोष दूर करू शकेल का, हा प्रश्न तांत्रिक कमी आणि हिशेबाचा अधिक आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असून तिच्यात मूळ संकेतांकाला बाजू, कारण इत्यादींचे जोडसंकेतांक लावता येतात. 'उजवा डोळा, शस्त्रक्रियेनंतर' असे लिहिण्याची सोय त्यामुळे झाली. मात्र सोय झाली म्हणून ती वापरली जाईल असे नाही. कारणाचा धागा लिहून ठेवणाऱ्या रुग्णालयाला आज त्यातून काही मिळत नाही. उलट आपल्याच शस्त्रक्रियेवर प्रश्नचिन्ह उभे करण्याचा धोका मात्र पत्करावा लागतो. देयकाचा काही भाग सहाव्या आठवड्याच्या दृष्टिमापनानंतर देण्याची पद्धत ठेवल्यास ते दृष्टिमापन होईल, आणि केळव्यासारख्या गावी आशा कार्यकर्ती अथवा ग्रामीण रुग्णालयातील नेत्रतंत्रज्ञ ते करू शकेल. त्यासाठी शल्यचिकित्सकाची गरज नाही. असा नियम आला तर अपयशी डोळेही प्रथमच रुग्णालयाच्या हिशेबात येतील. देशात २०१८-१९ च्या सुमारास वर्षाला ६० लाखांहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत होत्या, हे लक्षात घेता हा प्रश्न थोड्यांचा राहत नाही.

दरम्यान पानमळ्यातील त्या स्त्रीचा डावा डोळा पिकतो. तिची पुन्हा तपासणी होते, नवा केसपेपर निघतो. त्यावर शस्त्रक्रियापूर्व दृष्टीच्या रकान्यात दोन्ही डोळ्यांची दृष्टी लिहावी लागते. उजव्या डोळ्याचा जो परिणाम कोठेच नोंदला गेला नव्हता, तो तेथे लिहिला जातो : पुढच्या शस्त्रक्रियेच्या आधीची स्थिती म्हणून.